स्टिरिओ आणि ५.१ : आवाजाला एकच माप

एकक : एलयूएफएस. अमेरिकेत एलकेएफएस म्हणतात, आकडा तोच.

मानक : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे बीएस.१७७०, पहिली आवृत्ती २००६. आधी फिल्टर लावून कानाला कमी जाणवणारा खर्ज उतरवतात, मग प्रत्येक चॅनेलची ऊर्जा मोजून बेरीज करतात. डावा, उजवा, मधला चॅनेल जसाच्या तसा. दोन सराउंड चॅनेलना १.४१ पट वजन. सबवूफरचा एलएफई चॅनेल मात्र पूर्ण वगळलेला. स्फोटाचा जो हादरा फक्त त्या चॅनेलमध्ये आहे, तो खुर्ची हलवतो, पण मीटरचा आकडा हलवत नाही.

शांतता : उणे ७० एलयूएफएसखालचे तुकडे सरासरीत धरत नाहीत.

लक्ष्य : प्रसारणासाठी युरोपात उणे २३ (आर१२८ शिफारस, २०१०), अमेरिकेत उणे २४. जाहिरातींचा आवाज कार्यक्रमाइतकाच ठेवण्याचा अमेरिकी नियम डिसेंबर २०१२ पासून लागू.