पागोटे, पंचा आणि कोट

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागड नावाचा डोंगरी किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो सुमारे १७०० साली बांधला असे मानतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा उपयोग बंदिशाळा म्हणून केला. १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले व या साऱ्या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला. सत्ता बदलली, की दरबाराचा थाटही बदले. कधी मोगली घाटाचा जामा, कधी मराठी अंगरखा व पागोटे, तर कधी साहेबाची हॅट! डोंगराखालच्या बांधीत चिखल तुडवून भात लावणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर मात्र आखूड धोतर, बंडी व खांद्यावरचा दुपट्टा हेच राहिले. लांबून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसण्याआधी त्याचे वस्त्र दिसे. त्याला वाकून मुजरा करावा, साधा राम राम करावा, की ओसरीबाहेरच उभे ठेवावे, याचा निर्णय पुष्कळदा त्या वस्त्रानेच होऊन जाई.

याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील आंधळगाव येथे, कोशाचे वस्त्र विणले जाते. ऐन व अर्जुन या वृक्षांवर रेशमाचे किडे वाढतात, ढिवर लोक ते राखतात, आणि त्यांच्या कोशांतून काढलेल्या धाग्याचे कापड कोष्टी विणतात. हे कापड सोवळ्याचे म्हणून पूजेच्या वेळी मानाने नेसले जाई. ते नेसणाऱ्याला समाजात जी प्रतिष्ठा मिळे, ती रानात किडे राखणाऱ्याला किंवा मागावर पाठ मोडेपर्यंत बसणाऱ्याला मिळत नसे. म्हणजे मान कापडात नव्हता, हे उघड आहे. ते कोणाच्या अंगावर आहे, याकडे लोक पाहत असत.

जे वस्त्राचे, तेच केसांचे. पूर्वी महाराष्ट्रातील काही जातींत पती निवर्तला, की स्त्रीचे केशवपन करीत. दहा-बारा वर्षांच्या मुलीसही यातून सुटका नसे. मस्तक मुंडलेली व आलवण नेसलेली ती मुलगी दिसताच तिचे नाव, गुण, स्वभाव काहीही न विचारता लोक तिला अशुभ ठरवून मोकळे होत. मंगलकार्यात तिने समोर येऊ नये, असा दंडक होता. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचे त्यांना पाठबळ होते. ज्या कामावर आपले पोट चालते, त्यातलेच एक काम अन्यायाचे म्हणून नाकारणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

राज्यकर्त्यांनाही केसांचे महत्त्व फार पूर्वीच कळले होते. चीन जिंकणाऱ्या मांचू राजांनी १६४५ साली हुकूम काढला, की प्रत्येक पुरुषाने कपाळावरचे केस काढून मागे लांब वेणी ठेवावी. न ठेवील त्यास देहान्त शिक्षा. वेणी म्हणजे राजनिष्ठेची खूण झाली. म्हणूनच १९११ साली क्रांती होताच हजारो चिनी पुरुषांनी प्रथम आपली वेणी कापून टाकली. रशियाचा झार पीटर याने तर दाढी ठेवणाऱ्यांवर कर बसवला होता.

आपल्याकडे पोशाखाविषयीचे कायदे कागदावर नसले, तरी गावाच्या रूढीत होते. अस्पृश्य मानलेल्या जातींनी चांगले वस्त्र नेसले, तर वरिष्ठ जातींना तो आपला अपमान वाटे. १९२८ साली इंदूर संस्थानाच्या काही गावांतील सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना फर्मावले, की त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये आणि त्यांच्या स्त्रियांनी सोन्यारुप्याचे दागिने घालू नयेत. धोतराच्या काठाची रुंदी ती किती! पण त्या दोन बोटांच्या काठावरून माणसांना गाव सोडण्याची वेळ आणली गेली.

याच सुमारास, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांना निराळाच उपदेश केला. लुगडे आखूड नेसणे आणि गळ्यात-हातांत कथिलाचे व रुप्याचे जड दागिने घालणे ही आपल्या हीनपणाची खूण झाली आहे. ती टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ लुगडे नेसा आणि वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्या भाषणाचा आशय होता. यात एका पैशाचेही नवे कापड घ्यावयाचे नव्हते. तेच लुगडे निराळ्या रीतीने नेसावयाचे होते. तरीही ते सोपे नव्हते, कारण गावात परतल्यावर प्रत्येकाची नजर त्या बदलावर पडणार होती.

यापूर्वी चाळीस वर्षे महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके उलट केले होते. १८८८ साली इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. बडे लोक हिऱ्यामोत्यांनी नटून आले. जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. ही सजलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत अर्धपोटी राहते आणि तिला शिक्षणाची गरज आहे, हे राणीसाहेबांस कळवावे, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. बोलण्याआधीच त्यांच्या वेषाने अर्धे भाषण केले होते.

महात्मा गांधींनीही पोशाखाचे सामर्थ्य ओळखले होते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या न्यायालयात त्यांना पागोटे उतरवण्यास सांगण्यात आले, तेव्हा ते न उतरवता ते बाहेर पडले. पुढे १९२१ साली मदुराई येथे त्यांनी सदरा व टोपी सोडून केवळ पंचा नेसण्यास आरंभ केला, आणि १९३१ साली बादशहाच्या राजवाड्यातही ते पंचा व शाल याच वेषात गेले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पांढरी टोपी असहकाराच्या काळात इतकी पसरली, की काही कचेऱ्यांत ती घालण्यास मनाई झाली. स्वातंत्र्यानंतर तीच टोपी मंत्र्यांच्या मस्तकी दिसू लागली. ज्या टोपीपायी पूर्वी नोकरी जाण्याची भीती असे, तीच आता सत्तेची खूण ठरली.

मग गांधीजींनी कपडे कमी केले आणि आंबेडकरांनी मात्र कोट, पाटलोण व गळपट्टा का पत्करला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. ज्याला चांगले वस्त्र घालण्याची कधीच मनाई नव्हती, तो त्याचा त्याग करू शकतो, आणि त्या त्यागाचे कौतुक होते. ज्यांच्या पूर्वजांना चांगले वस्त्र घालूच दिले नाही, त्यांच्यातील एकाने उघड्या अंगाने हिंडावे, तर लोकांना त्यात त्याग दिसणार नाही. जुनीच स्थिती दिसेल. त्याने नीटनेटका कोट घातला, तरच पाहणाऱ्याला थबकावे लागते. दोघांच्या वेषांत इतका भेद असूनही दोघांनीही आपला वेष विचारपूर्वक निवडला होता.

१९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली व प्रचारासाठी ते या जिल्ह्यात आले. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. आज विदर्भातील गावोगावी त्यांचे पुतळे आहेत. धोतर-बंडी घालून शेतावर जाणाऱ्या माणसाच्या वस्तीतही पुतळ्याच्या अंगावर निळा कोट असतो, हातात ग्रंथ असतो, आणि कोटाच्या खिशाला लेखणी लावावयास मूर्तिकार सहसा विसरत नाहीत.