आधी मे, मग जुलै

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना पुराची वर्दी मिळतेच असं नाही. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली हिवरखेडसारख्या गावात नुसतं आभाळ असतं आणि तासाभरात नाला पुलावर चढतो. २२ जुलै २०२३ ला शेजारच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाण्याने गावंच्या गावं वेढली होती. वरुडच्या पलीकडच्या मोवाडात ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने २०४ माणसं नेली. अशा वेळी आधी म्हातारी माणसं आणि लेकरं बाहेर काढायची, जनावरांची दावी सोडायची. सातबारा कोणत्या कप्प्यात आहे ते शोधायला सवड नसते. म्हणून गोळ्या, काड्या, सेल, कागद असा बारीकसारीक ऐवज एकाच बंद नळीत भरून दाराजवळ टांगलेला असावा.

नळी म्हणजे खरोखर नळीच. इकडे शेतात पाइपलाइन टाकून झाली की तीन इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे गोठ्यात पडून राहतात. ठिबक जोडणाऱ्या एका फिटरला मी अशी नळी करताना जवळ बसून पाहिलं. त्याने फूटभर तुकडा सरळ कापला, कडेचा चुरा पॉलिश पेपरने घासून काढला, पाइपाच्या एका टोकाला आणि एंड कॅपच्या आतून सोल्युशन लावलं आणि कॅप दाबून पाव फेरा फिरवली. हात लगेच काढला नाही. ओलं सोल्युशन टोपी मागे ढकलतं, म्हणून अर्धा मिनिट तसाच धरून बसला. दुसऱ्या टोकाला आट्याचं झाकण आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप. टेप झाकण फिरतं त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर फिरवताना गोळा होऊन बाहेर येते. नळी दोन दिवस उघडीच ठेवायची, नाहीतर सोल्युशनचा वास गोळ्यांना लागतो. एवढ्या नळीत किलोभर सामान भरलं तरी ती पाण्यावर तरंगते. वर लाल कापडाची पट्टी बांधली की गढूळ पाण्यातही दिसते.

एवढ्यावर मी खूश होतो. फिटर नव्हता. "झाकन पक्कं लागलं म्हून काई होत नाही भाऊ. तापलेली नयी पान्यात पडली, का थे पानी आत ओढते."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. टिनाखाली तापलेली नळी ५५ अंशांवर असेल आणि २५ अंशांच्या पाण्यात पडली, तर आतली हवा जवळपास नऊ टक्क्यांनी आकसते. ती पोकळी भरायला पाणी आट्यांच्या फटीतून वाट शोधतं. यावर दोन उपाय. नळीत मोकळी जागा ठेवायचीच नाही, उरलेल्या जागेत जुनं सुती कापड ठासायचं; आकसायला हवाच कमी राहते. आणि आतली प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत बंद करायची. नळीची परीक्षा मात्र उलटी घ्यायची. गार नळी कोमट पाण्यात बुडवली की आतली हवा फुगते आणि गळती असेल तिथून बुडबुडे निघतात.

पुरासाठीच्या तयार किटच्या याद्या पाण्याचाच विचार करतात. आपल्याकडे जुलैच्या पाण्याआधी मे महिना येतो, आणि माझ्या मते तोच जास्त नुकसान करतो. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की टिनाखालच्या घरात रबरबँड चिकट होतो, चिकटपट्टीचा डिंक ओघळतो. आगकाडीचं तेच. गुल ओला होऊ नये म्हणून काड्या वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावं, थेट आचेवर कधीच नाही. पण मे महिन्यात हेच मेण मऊ पडून सगळ्या काड्या एकमेकींना चिकटतात. म्हणून त्या कागदाच्या घडीत एकेक वेगळी ठेवायची. काडेपेटीची घासायची पट्टी कापून निराळ्या पिशवीत घ्यायची, कारण पेटवणारा लाल फॉस्फरस पट्टीवर असतो, काडीवर नाही. पट्टी भिजली तर कोरड्या काड्या काय कामाच्या?

पिशव्या बंद करायची युक्ती किराणा दुकानात शिकावी. प्लास्टिकची कड हॅकसॉच्या पात्यावर दुमडायची, केसभर बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळून सरकन न्यायची. हात रेंगाळला की भोक, घाई केली की कड उघडी. झिपची पिशवी सोयीची खरी, पण काळ्या मातीचा गाळ तिच्या खाचेत बसला की पुन्हा नीट लागत नाही. औषध फवारणीचे रिकामे डबे कितीही धुतले तरी हे सामान ठेवायला वापरू नयेत.

कागदांचं थोडं वेगळं. आधार, पासबुक, सातबारा यांच्या झेरॉक्स नळीत ठेवाव्यात. कृषी केंद्राचं यंत्रातून निघालेलं गुळगुळीत बिल मात्र लॅमिनेट करू नका. त्या कागदावर छपाई उष्णतेनेच होते, म्हणून गरम यंत्रातून निघताच तो काळा पडतो. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला तेच बिल लागतं. त्याचीही झेरॉक्सच काढावी. सेल बॅटरीत घालून ठेवू नयेत, टोकांना पट्टी लावून सुटे ठेवावेत. पॉवर बँक टिनाखाली टांगलेल्या नळीत ठेवूच नये, उन्हाने ती बिघडते.

मृग लागायच्या आधी, कोरड्या दुपारी नळी उघडा. गोळ्यांची मुदत पाहा, टेफ्लॉन नवं गुंडाळा, पिशव्या पुन्हा बंद करा. आणि एका कागदावर ११२, १०८ आणि घरच्या दोन माणसांचे नंबर लिहून टाका. जेल पेनने नको, त्याची शाई पाण्यात पसरते. शिसपेन्सिलीने लिहा.