उपनगरातल्या गच्चीवरून धूमकेतूचे छायाचित्र: सिग्नल, नॉइज आणि थोडे अंकगणित

सी/२०२३ ए३ (त्सुचिनशान-ॲटलस) हा धूमकेतू २७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून गेला. त्यानंतरच्या काही संध्याकाळी तो पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान दिसत होता. नेमकी त्याच आठवड्यात शरद पौर्णिमा होती, त्यामुळे चंद्रप्रकाशही होता. असा धूमकेतू आपल्या हयातीत परत येत नाही. मग शहराजवळ राहणाऱ्याने काय करायचे? घरूनच प्रयत्न करणे कितपत शहाणपणाचे आहे, हे आपण मोजून पाहू. पुढील उदाहरणातले आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. ते याच धूमकेतूचे नाहीत.

१. धूमकेतूची प्रत फसवी का असते?

ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला असतो. बातमीत दिलेली प्रत ही त्या सगळ्या प्रकाशाची बेरीज असते. समजा धूमकेतूच्या शीर्षाची प्रत ५ आहे आणि व्यास २० कला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस कला, म्हणजे ११.३ लाख चौरस विकला. इतक्या क्षेत्रावर प्रकाश समान वाटला, तर दर चौरस विकलेला सरासरी प्रत सुमारे २०.१ येते.

आता आकाश पाहा. अंधाऱ्या गावाकडे आकाशाची प्रत दर चौरस विकलेला २२ च्या जवळपास असते, उपनगरात ती १९ धरू. (प्रतीचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त.) म्हणजे गावाकडे धूमकेतू आकाशापेक्षा सुमारे ५.७५ पट तेजस्वी, तर उपनगरात आकाशच धूमकेतूपेक्षा २.७५ पट तेजस्वी. डोळ्यांना तो दिसत नाही, याचे कारण हेच.

२. एक फ्रेम किती सेकंदांची?

पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात. एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात, याचे सूत्र असे:

विकला प्रति पिक्सेल = २०६ × पिक्सेलचा आकार (मायक्रोमीटर) ÷ लेन्सचे नाभीय अंतर (मिमी)

४ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ५० मिमीची लेन्स असेल तर उत्तर १६.५ येते. ३ सेकंदांत तारा ४५ विकला, म्हणजे पावणेतीन पिक्सेल सरकेल. साध्या ट्रायपॉडवर इतके चालते. ३० सेकंदांची फ्रेम घेतली तर ताऱ्यांच्या रेघा होतील आणि उपनगरातले आकाश पांढरे पडेल.

३. फ्रेम किती घ्यायच्या?

समजा एका फ्रेममध्ये एका पिक्सेलला धूमकेतूकडून १०० इलेक्ट्रॉन मिळाले. उपनगरात त्याच पिक्सेलला आकाशाकडून २७५ मिळतील. आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतो, पण त्यातला चढउतार वजा करता येत नाही. तो एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. म्हणून:

उपनगर: १०० ÷ √३७५ = ५.२
गाव: १०० ÷ √११७ = ९.२

फ्रेमची संख्या न असेल, तर बेरजेनंतर सिग्नल-नॉइज गुणोत्तर √न पट वाढते. तेव्हा गावाकडच्या ६० फ्रेमची बरोबरी करायला उपनगरात ३७५ ÷ ११७, म्हणजे सुमारे ३.२ पट फ्रेम लागतात: साधारण १९०. तीन सेकंदांच्या २०० फ्रेम म्हणजे फक्त १० मिनिटांचे काम! (इथे आपण कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज सोडून दिला आहे.)

शेपटीच्या फिकट टोकाचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे गावाकडेही आकाशाचाच प्रकाश जास्त असतो. त्यामुळे फ्रेमची गरज आकाशांच्या तेजाच्या प्रमाणात, म्हणजे ३ प्रतींसाठी जवळजवळ १६ पट होते. शहरातून शीर्ष छान येते आणि शेपटी आखूड दिसते, ती यामुळे.

४. धूमकेतू स्वतःही चालतो

समजा तो ताऱ्यांच्या तुलनेत दिवसाला ३ अंश सरकतो. म्हणजे मिनिटाला ७.५ विकला आणि १० मिनिटांत ७५ विकला, आपल्या कॅमेऱ्यात साडेचार पिक्सेल. म्हणून फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या तर धूमकेतूचे केंद्र पुसट होते, केंद्रावर जुळवल्या तर तारे लांबट होतात. डीपस्कायस्टॅकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये धूमकेतूसाठी वेगळी सोय आहे.

५. प्रत्यक्ष कृती

• पश्चिम क्षितिज मोकळे दिसेल अशी गच्ची दिवसाच पाहून ठेवा. जवळचा दिवा लेन्सवर थेट येऊ देऊ नका.
• शुक्रावर किंवा तेजस्वी ताऱ्यावर हाताने फोकस करा. ऑटोफोकस बंद ठेवा.
• रॉ फाइल घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. आकाशाचा उजेड वजा केल्यावर उरलेला बारीक फरक टिकतो तो रॉमध्येच.
• हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा आणि उजवीकडेही पोहोचलेला नसावा.
• संधिप्रकाश ओसरेपर्यंत थांबा, पण फार नाही. ३० अंश उंचीवर प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, १० अंशांवर सुमारे साडेपाच पट. मधल्या वेळात सतत फ्रेम घेत राहा आणि निवड नंतर करा.

स्वाध्याय

१) लेन्स ८५ मिमीची घेतली आणि तारा ३ पिक्सेलपेक्षा जास्त सरकू द्यायचा नसेल, तर एक फ्रेम किती सेकंदांची? (उत्तर: सुमारे १.९)
२) चंद्रप्रकाशामुळे उपनगरातले आकाश १८ प्रतीचे झाले, तर गावाकडच्या ६० फ्रेमच्या बरोबरीसाठी किती फ्रेम लागतील? आकाशाचे इलेक्ट्रॉन आधी काढा. (उत्तर: सुमारे ४००)

आपल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल आकार शोधून हेच हिशेब आजच करून ठेवा. पुढचा तेजस्वी धूमकेतू कदाचित फार आधी सूचना देणार नाही.