कागद आपला, कपाट परक्याचे

सरकारी कामासाठी नागरिकाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत म्हणून घरबसल्या अर्ज करण्याची सोय झाली, तिचे आम्ही स्वागतच केले आहे. परंतु या सोयीबरोबर एक गैरसोयही आली आणि तिच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. अर्जासोबत जोडावयाच्या पीडीएफला आकाराची मर्यादा असते. घरी वा झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेला कागद या मर्यादेत क्वचितच बसतो. मग तो लहान करावयाचा कसा? अर्जदार इंटरनेटवर शोधतो, ‘फुकटात करून देतो’ म्हणणारे एखादे संकेतस्थळ त्याला सापडते आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधारपत्र, बँकेचे पासबुक असे सारे काही तो तेथे चढवून मोकळा होतो.

विक्रीखत शेजाऱ्याला दाखवतानाही दहादा विचार करणारा आमचा माणूस तेच विक्रीखत कोणत्या देशातील कोणाच्या संगणकावर ठेवून आला, हे त्याला ठाऊक नसते. काम होताच कागद पुसून टाकू, असे आश्वासन काही संकेतस्थळे देतात. ते पाळले गेले की नाही, हे पाहण्याचे साधन मात्र नागरिकापाशी नाही. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये अशा फुकट रूपांतरकांविषयी जाहीर इशारा दिला होता. काहींतून परत येणाऱ्या धारिकेबरोबर घातक आज्ञावली येते आणि चढवलेल्या कागदांतून बँकेचे तपशीलही टिपले जातात, असे त्यात म्हटले होते. आमच्याकडेही मे २०२२ मध्ये आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नये, असे पत्रक निघाले आणि दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. मूळ प्रश्न त्यामुळे मागे गेला नाही.

वास्तविक या कामासाठी कागद घराबाहेर धाडण्याची गरजच नाही. पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ साली बाजारात आणले खरे, परंतु २००८ पासून ते खुले आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे ते वाचणारी व बदलणारी साधने कोणालाही रचता येतात आणि अनेकांनी ती रचून, मूळ संहितेसह, सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. पाने मागेपुढे करणे, फिरवणे, नको ती काढणे यासाठी ‘पीडीएफ अरेंजर’ आहे. तोडण्या-जोडण्यासाठी ‘पीडीएफसॅम बेसिक’ आहे. ‘ओक्युलर’ला तर जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणचिन्ह २०२२ साली मिळाले, आणि तो मान मिळवणारी ती पहिलीच संगणकप्रणाली. फायरफॉक्स या न्याहाळकातच त्याच वर्षापासून पीडीएफवर मजकूर लिहिण्याची सोय आहे. आकार कमी करण्यासाठी ‘लिबरऑफिस’मधून चित्रांची घनता उतरवून पीडीएफ पुन्हा काढता येते. (लिबरऑफिसला हलके म्हणवत नाही, पण आहे ते आपल्याच घरात.) त्याहून सोपा उपाय म्हणजे स्कॅन करतानाच रंगीतऐवजी करड्या छटेत, बेताच्या घनतेने करणे. दुकानदारांनी एवढे मनावर घेतले तरी निम्मी धावपळ वाचेल.

या साधनांनी सर्व काही साधते, असा आमचा दावा नाही. पीडीएफमध्ये अक्षरे छपाईच्या आकृत्या म्हणून बसवलेली असतात. त्यामुळे मराठी मजकूर दुरुस्त करू जाता जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटतात. मूळ लेख हाती असेल तर तोच सुधारून नवी पीडीएफ करावी, हे बरे.

आणखी एका गोष्टीपासून वकीलमंडळींनी विशेष सावध राहावे. गुप्त मजकुरावर काळी पट्टी ओढली म्हणजे तो नाहीसा होत नाही. पट्टीखाली तो जसाच्या तसा असतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात असाच कागद दाखल केला आणि वार्ताहरांनी पट्टीखालचा मजकूर उचलून वाचला. एरवी शहाण्यासुरत्या वकिलांची ही गत! लिबरऑफिसमध्ये २०१९ पासून असा मजकूर खरोखर काढून टाकण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

परंतु सारा भार नागरिकावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आकाराची अट खाते घालते, तेव्हा मोठा कागद स्वीकारून तो आपल्याच यंत्रणेत लहान करून घेण्याची जबाबदारीही खात्याचीच असली पाहिजे. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत संगणकप्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. ते पंचायत आणि मामलेदार कचेरीतील संगणकापर्यंत पोहोचवण्यास नवा खर्च लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही. राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने ही चार-पाच साधने तेथे बसवून द्यावीत, ती वापरण्याची एक पानी मराठी व कोकणी माहिती अर्जाच्या पानावरच ठेवावी, आणि तोपर्यंत आकाराची मर्यादा तरी सैल करावी.