हुरड्याची आगटी आणि मधमाश्या

रब्बी ज्वारीचे दाणे भरू लागले की पुणे शहरातील मंडळी हवेली, पुरंदर, शिरूर या भागांतील शेतांवर हुरड्यासाठी येऊ लागतात. झाडाखाली गोवऱ्यांची आगटी पेटते. गूळ, दही, चटणी व ऊस मांडला जातो. याच दिवसांत मधमाश्याही अन्नाच्या शोधात हिंडत असतात. पाहुणचारात विघ्न येऊ नये म्हणून यजमान शेतकऱ्याने त्यांचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

ताटाभोवती घोंघावणारी एखादी सातेरी किंवा फुलोरी माशी डंख मारण्यासाठी नव्हे, तर गोडव्यासाठी आलेली असते. मात्र तिला गूळ सापडला की ती पोळ्यावर परतते आणि विशिष्ट नृत्याने इतर माश्यांना त्या जागेची दिशा व अंतर कळविते. मग गर्दी होण्यास वेळ लागत नाही. म्हणून गूळ, रस व चिरलेली फळे प्रथमपासूनच झाकून ठेवावीत. चघळलेल्या उसाचा चोथा लगेच उचलून दूर मातीत पुरावा. माशी जवळ आल्यास हात झटकू नयेत. रसाचा पेला पाहूनच तोंडाला लावावा.

खरा धोका आग्या मोहोळाचा आहे. आग्या माशी उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा कड्याला एकच मोठे, उघडे पोळे बांधते. धुराने माश्या शांत होतात, असा पुष्कळांचा समज असतो. मधपाळ पेटीतील माश्यांना बेताचा, थंड धूर देतो तेव्हा ते खरे ठरते. परंतु आगटीचा दाट व उष्ण धूर उघड्या पोळ्याला लागल्यास आग्या माश्या चवताळून उठतात. पहिल्या डंखाबरोबर सुटणारा, पिकल्या केळ्यासारखा गंध इतर माश्यांना चेतवितो. यास्तव आगटीची जागा ठरविण्यापूर्वी आसपासची झाडे नीट न्याहाळावीत. मोहोळ दिसल्यास जागाच बदलावी व वाऱ्याची दिशाही पाहावी. मुलांना दगड मारू देऊ नयेत.

माश्या उठल्याच, तर डोके व तोंड उपरण्याने झाकून सरळ दूर पळावे आणि बंद घरात किंवा मोटारीत शिरावे. विहिरीत उडी घेऊ नये. सुरक्षित ठिकाणी पोहोचताच अंगात रुतलेल्या नांग्या वेळ न दवडता नखाने खरवडून काढाव्यात, कारण त्यांतून विष उतरत राहते. पुष्कळ डंख झाले असल्यास, किंवा धाप, चक्कर वा तोंडावर सूज आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भीतीपोटी मोहोळ जाळणे मात्र आपल्याच पिकाचे नुकसान करणे होय. कांद्याचे बियाणे, सूर्यफूल व करडई यांना मधमाश्यांच्या परागीभवनाचा लाभ होतो. याच कीटकांच्या अभ्यासासाठी १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी शिवारातील मोहोळांच्या जागा शेतकऱ्यांना दाखवून द्याव्यात. पाहुणे हुरडा खाऊन सुखरूप परतावेत आणि मोहोळही जागेवर राहावे, यातच यजमानाचे हित आहे.