चौरस किलोमीटरला चार माणसं

1961 सालच्या जनगणनेत ईशान्य सीमा प्रदेशाची, म्हणजे 'नेफा'ची लोकसंख्या भरली 3,36,558. क्षेत्रफळ 83,743 चौरस किलोमीटर. भागाकार केला की हाती येतात चौरस किलोमीटरमागे जेमतेम चार माणसं. साऱ्या भारतात माणसं इतकीच विरळ वसली असती, तर त्या वर्षी देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी वर भरली असती. प्रत्यक्षात ती 43 कोटींहून अधिक होती.

या मूठभर माणसांत 26 प्रमुख जमाती आणि शंभराहून अधिक उपजमाती. आदी, न्यिशी, आपातानी, मोन्पा, मिश्मी, वांचो... प्रत्येकीची बोली वेगळी, गावाचा कारभार चालवण्याची रीत वेगळी. आसामच्या मैदानाला लागून असलेल्या तळटेकड्या समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंच, आणि उत्तरेला कांगतो शिखर 7,000 मीटरच्याही वर. मधल्या दऱ्यांत वेताचे झुलते पूल आणि पायवाटा. रस्ता नव्हता तिथे ठाण्यांना धान्य आणि मीठसुद्धा विमानातून टाकावं लागे.

इंग्रजांनी 1873 साली 'इनर लाइन' आखली आणि परवान्याशिवाय पलीकडे जायला बंदी केली. तो परवाना आजही लागतो. 1954 मध्ये नेफा हे नाव आलं. विभागांची नावं बहुतेक नद्यांवरून पडली: कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित, तिराप. कारभार राष्ट्रपतींच्या वतीने आसामचे राज्यपाल पाहत, आणि दिल्लीत हा विषय होता परराष्ट्र मंत्रालयाकडे. भारताचे नागरिक, पण त्यांच्या फायली परराष्ट्र खात्यात! 1962 साली चिनी फौजा तवांग घेऊन आसामच्या पायथ्यापर्यंत उतरल्या. त्यानंतर 1965 मध्ये हा प्रदेश गृह मंत्रालयाकडे आला.

पुढचे टप्पे भराभर पडले. 1969 पासून पंचायती. 20 जानेवारी 1972 रोजी केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा आणि 'अरुणाचल प्रदेश' हे नाव. 1975 मध्ये विधानसभा. लोकसभेवर तोवर इथला प्रतिनिधी नेमला जाई. मतपेटीतून खासदार निवडण्याचा हक्क आला तो 1977 मध्ये, म्हणजे देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पाव शतकाने. त्याच वर्षी विवेकानंद केंद्राच्या एकनाथजी रानडे यांनी इथे सात निवासी शाळा सुरू केल्या. वस्त्या इतक्या दूरदूर, की मुलं राहतील अशीच शाळा हवी होती. अखेर 20 फेब्रुवारी 1987 रोजी अरुणाचल पूर्ण राज्य झालं. नेफाच्या स्थापनेपासून अवघ्या 33 वर्षांत.

2011 पर्यंत लोकसंख्या 13,83,727 झाली, चौपटीहून अधिक. तरीही घनता चौरस किलोमीटरला 17 माणसं. देशाची सरासरी 382. साठ आमदारांच्या विधानसभेत एका आमदारामागे सरासरी 23 हजार माणसं येतात, महाराष्ट्रात हाच आकडा जवळपास 3 लाख 90 हजार आहे. कुणाला ही चैन वाटेल. पण तिथल्या आमदाराला एकेका वस्तीपर्यंत पोहोचायला किती दऱ्या उतराव्या आणि चढाव्या लागतात, तेही त्या भागाकारात धरायला हवं.

2024 च्या निवडणुकीत राज्यात 2,226 मतदान केंद्रं होती. त्यांतल्या 228 ठिकाणी पायीच जावं लागत होतं, काही ठिकाणी तर तीन दिवस चालून. अंजॉ जिल्ह्यात चीनच्या सीमेजवळच्या मालोगाम केंद्राच्या यादीत नाव होतं फक्त एक. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्या एका मतासाठी यंत्र आणि सामान घेऊन कर्मचारी 39 किलोमीटरची वाट तुडवत गेले.

सीमा सैन्य राखतं. त्या सीमेवरचा मुलूख राज्य होतो तो अशा पायपिटीने. पायी गाठायच्या त्या 228 केंद्रांपर्यंत मतपेटीपाठोपाठ बारमाही रस्ता, दवाखाना आणि शिक्षक पोहोचवणं, हे 1987 साली हाती घेतलेलं काम अजून पुरं व्हायचं आहे. ते करताना तिथे माणसं किती, असं विचारून कुणी मागे फिरू नये. मालोगामला एक होतं, तरी आपण गेलो.