मावळचे नाव दगडात



चैत्रात आपण टाकव्याहून एकवीरेच्या जत्रेला जातो. देवळाला लागूनच कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या भिंतीवर आपल्या मावळचे नाव 'मामाल' असे सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरले आहे.

तो लेख म्हणजे चक्क जमिनीचा कागद. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक गाव दिले. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवले, पण दान मोडले नाही. मामालच्या अमात्याला हुकूम गेला: सरकारी माणसाने त्या जमिनीत शिरू नये, मिठासाठी खणू नये. राजा बदलला, गावचे धान्य मात्र त्याच वाटेने डोंगर चढत राहिले.

लेण्याला हातभार लावणारेही पाहा. धेनुकाकटचा सुतार सामी, तिथलाच अत्तरवाला सिंहदत्त, दूर वैजयंतीचा शेठ भूतपाल, शिवाय यवन म्हणवणारे लोकही. सगळ्यांची नावे आहेत. करजिकात नांगर धरणाऱ्याचे तेवढे नाही!

आज सातबारावर कुळाचे, मालकाचे नाव लागते. २०२१ पासून पीकपाहणीही आपणच मोबाइलवर नोंदवतो. पण चिखलात वाकून भाताची आवणी करणाऱ्या घरच्या बाईचे नाव उताऱ्यावर आहे का? या आठवड्यात काढून पाहा.